दहा वजा

मंगळवारी दुपारी नर्सबाई मोटारीतून उतरली तेव्हा तिच्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि काखेत गुंडाळी केलेला तक्ता. पेटीत सात वर्षांची नोकरी मावली होती. दोन पांढरे पोशाख, घड्याळ, कात्री, दोन पुस्तकं आणि वॉर्डातल्या बायकांनी निरोपाला दिलेली कापडी पिशवी, एवढंच. तक्ता मात्र तिने स्वतः मागून आणला होता. डोळे तपासायचा तक्ता. त्यावर अक्षरं नव्हती, तीन दातांच्या फणीसारख्या काळ्या खुणा होत्या. वरची फणी वीतभर, मग ओळीओळीने लहान होत शेवटची मुंगीएवढी. फणीचे दात कुठे वळलेत ते मुलाने हाताने दाखवायचं.

थांब्यापासून घरापर्यंतची वाट पायाखाली पिठासारखी झाली होती. त्या वर्षी ओल नावालाही उरली नव्हती. विहिरींचे तळ दिसत होते, झाडांची पानं कडेने करपली होती आणि वारा सुटला की माणूस तोंड फिरवून उभा राही. तिचा नवरा पंपांची कामं करायचा. पाणी खाली गेलं की लोक पाइप आणखी खाली सोडायला बोलावत, त्यामुळे अशा वर्षी तो पहाटे जायचा तो दिवेलागणीला यायचा, आणि जेवता जेवता डुलक्या घ्यायचा.

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी पेटी हातातून घेतली.

"आता परत जायचं नाही ना?"

"सोमवारी शाळा उघडतेय. बघू."

"बघू काय? नोकरी लागली ना?"

"तीन महिन्यांची लागली आहे, आई."

सासूबाईंच्या मागून एक डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं. ती चिमटी, तिची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून आजीनेच लाडाने ठेवलेलं नाव. पुढे शाळेत पोरांना कळलं आणि लाडाचं चिडवायचं झालं. आता साडेआठ वर्षांची होती आणि वर्गाच्या रांगेत सगळ्यात पुढे उभी राहायची. रांग उंचीने लागते, म्हणून.

आई हॉस्पिटलात लागली तेव्हा चिमटी दीड वर्षाची होती. हॉस्पिटल चार तासांवर. एक रविवार सोडून एक रविवार ती यायची, खाऊ आणायची, केस विंचरून द्यायची आणि संध्याकाळच्या मोटारीने जायची. चिमटी तिच्याशी फार चांगली वागायची. पाहुण्यांशी वागतात तशी. पाणी आणून द्यायची, विचारलं तेवढं सांगायची. आईला तेच टोचायचं. आजीशी ती भांडायची, हट्ट करायची, पाठीवर लोंबकळायची. आईशी एकदाही भांडली नव्हती.

म्हणून गावच्या शाळेत नर्सची जागा निघाल्याचं कळलं तेव्हा तिने दुसऱ्या दिवशीच अर्ज टाकला. मेट्रन म्हणाली होती, "महिनाभर तुझी जागा मी भरत नाही. नाही जमलं तर ये." तेव्हा बरं वाटलं होतं. मोटारीत बसल्यावर त्याच वाक्याची धास्ती वाटायला लागली.

बुधवारी सकाळी हेडमास्तरांनी खोली दाखवली. किल्ली शाळेच्या मावशींच्या कमरेला होती. घंटा देण्यापासून झाडण्यापर्यंत सगळं त्याच करत. कुलूप उघडलं तशी आतून दोन चेंडू घरंगळत बाहेर आले, जणू बरेच दिवस दार उघडायची वाट बघत होते. आत फाटके नकाशे, एका बाजूने चेपलेला पृथ्वीचा गोल, दोरीउड्यांच्या दोऱ्यांचा गुंता.

"ही खिडकी उघडते," हेडमास्तर म्हणाले, "पण लागत नाही. आणि हे दार लागतं, पण मग उघडायला मावशी लागतात."

"वजनकाटा?"

"आला आहे. उंची मोजायचा लोखंडी दांडा यायचाय. दोन महिने तरी."

"उंचीशिवाय मुलांचं तपासणी कार्ड पुरं होत नाही, सर."

हेडमास्तर भले माणूस होते, पण सोळा वर्षं एकाच खुर्चीत बसून त्यांना सगळ्या गोष्टी जाताजाता सांगायची सवय लागली होती. ते दारातून वळता वळता म्हणाले, "सोमवारी वरच्या ऑफिसचे डॉक्टर येणार आहेत. खोली चालू दिसली, पहिली पाचसात कार्डं नीट दिसली, तर जागा कायम करा म्हणून लिहितील. नाहीतर तीन महिन्यांनी परत चेंडू आत." मग जरा थांबून, "म्हणजे मला तुम्ही राहिलेल्या बऱ्या. पण चेंडू ठेवायला दुसरी जागा नाही, हेही खरं."

ते गेल्यावर मावशींनी पदर खोचला आणि विचारलं, "इथे सुया देणार का पोरांना?"

"लागली तर. आधी नुसतं बघायचं. कोण किती वाढलंय, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, कुणाचा कान वाहतो."

"नुसतं बघायचा पगार?"

"हो."

"बरंय," मावशी म्हणाल्या आणि नकाशे उचलायला लागल्या.

तिला स्वतःलाच त्या कामाचं कुतूहल होतं. सात वर्षं ती ऑपरेशनच्या वॉर्डात होती. तिथे सगळे आडवे. माणूस चादरीखाली असतो, त्याची उंची विचारायची वेळ येत नाही. इथे सगळे उभे, धावणारे, कशानेही न दुखणारे. धडधाकट माणसाकडे काय म्हणून बघायचं, हे तिला नव्याने शिकायचं होतं. पुस्तकातला उंचीवजनाचा तक्ता ती रोज वाचत होती. इतक्या उंचीला इतकं वजन. त्याच्या खाली गेलं की पोर खंगतंय म्हणायचं.

संध्याकाळी तिने आबांना दांड्याचं सांगितलं. आबा, म्हणजे सासरे, गावचे सुतार. सत्तरीला टेकले होते. मागच्या पडवीत त्यांचं काम चाले आणि त्यांच्या मागे दिवसभर भुशाचा वास यायचा. गावातल्या निम्म्या दारांना त्यांचा हात लागलेला. ऐकून त्यांनी रंधा खाली ठेवला.

"दोन महिने कशाला? फळी आहे माझ्याकडे. साग आहे, नऊ वर्षं वाळलेला. वाकणार नाही."

"अगदी बरोबर मोजलेली लागेल, आबा."

"मी काय बिनमोजलेली दारं लावली आजवर?"

गुरुवारी सकाळी दोघं पडवीत बसले. फळी माणसापेक्षा उंच. आबांनी ती आधी डोळ्यांनी बघितलीच नाही. अंगठा कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, एका जागी थांबले, रंध्याचा एक हात मारला, परत अंगठा फिरवला. तिला ते बघायला आवडलं. वॉर्डातले मोठे डॉक्टर पोट असं तपासायचे, मान वर करून, दुसरीकडेच बघत.

मग त्यांनी आपला जुना टेप काढला. टेपचं टोक फळीच्या बुडाशी धरून त्यावर लाकडाची बारीक पट्टी ठोकून घट्ट बसवलं, आणि टेप फळीभर ताणला.

"आता तू आकडे सांग. जिथे आकडा तिथे बोट ठेव. मी खूण करतो."

"तुम्हीच बघा ना. माझं बोट हलेल."

"माझे हात पटाशीला गुंतलेत. सांग तू."

तिने ऐंशीवर बोट ठेवलं. "ऐंशी." आबांनी तिचं बोट आपल्या बोटाने चाचपलं, नखाशी पटाशी टेकवली, हलकेच ठोकली. बारीक सरळ रेघ उठली. "नव्वद." परत तसंच. तिच्या नखाला त्यांच्या बोटाचा खरखरीत स्पर्श व्हायचा आणि रेघ उठायची. एकदाही चूक नाही. दहादहाच्या खुणा झाल्यावर मधल्या लहान खुणा झाल्या. दुपारी तिने काळ्या रंगाने आकडे लिहिले. वर-खाली सरकणारी आडवी पट्टी आबांनी अशी बसवली की एका बोटाने हलावी आणि सोडली की तिथेच थांबावी.

"लोखंडी दांड्याला हे जमणार नाही," आबा म्हणाले. ते खरंच होतं.

तक्ता तिने घरातल्या भिंतीला लावला होता. सराव घरच्यांवरच. चिमटीला सहा पावलांवर स्टुलावर बसवलं, एक डोळा झाकायला सांगितला आणि काडीने एकेक फणी दाखवत गेली.

"वर. खाली. उजवीकडे. डावीकडे, खाली." चिमटी शेवटच्या ओळीपर्यंत गेली. "अजून नाही का?"

"संपलं."

"सोपं आहे. उद्या परत घेशील?"

रविवारी येणाऱ्या आईला चिमटीने आजवर काही मागितलं नव्हतं. नर्सबाईने शुक्रवारी परत घेतलं. गुरुवारी दोनदा, शुक्रवारी तीनदा. कोपऱ्यात आबा खुर्चीचा पाय घासत बसलेले असायचे.

सासूबाई बसल्या तेव्हा त्यांनी हाताने दाखवायचंच नाही असं ठरवलं होतं. "मी काय पोर आहे हातवारे करायला? तोंडाने सांगते. ही वर. ही भिंतीकडे. ही चुलीकडे." पाचवी ओळ आल्यावर म्हणाल्या, "इतकं बारीक कोण छापतं? यांना सांग, कागद वाचवू नका." सगळे हसले. चिमटी तर आजीच्या मांडीवर पडून हसली.

"आबा, आता तुम्ही."

"माझं कशाला? मी अजून सुईत दोरा ओवतो."

"कधी ओवलात?" सासूबाईंनी विचारलं.

आबा उठून स्टुलावर बसले. डोळा झाकला आणि धडाधड सांगत गेले. वर, खाली, उजवी, डावी, खाली. शेवटच्या ओळीपर्यंत. सासूबाईंनी कौतुकाने सुनेकडे बघितलं. नर्सबाईची काडी मात्र मध्येच थबकली होती. चौथ्या ओळीतली एक खूण तिच्या हातून चुकून सुटली होती, काडी पुढच्या खुणेवर होती, आणि आबा सुटलेल्या खुणेचं उत्तर देऊन पुढे गेले होते. काडीच्या आधी उत्तर येत होतं.

तिने काडी खाली ठेवली. "छान," म्हणाली आणि तक्ता गुंडाळला. वॉर्डात ती एवढं शिकली होती की माणूस काही लपवत असला तर आधी का ते बघावं.

शनिवारी फळी शाळेत नेली. खोली आता खोलीसारखी दिसत होती. मावशींनी फरशी दोनदा पुसली होती, आणि त्या दिवसांत पाणी दोनदा वापरणं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती. खिडकीला आबांनी खिट्टी लावली. फळी भिंतीशी उभी करून वर दोन स्क्रू मारले. मावशींनी आपल्या दोन नाती आणि आसपासची चार पोरं सरावाला गोळा करून आणली. चिमटी सातवी.

चिमटी फळीला पाठ लावून उभी राहिली. पट्टी डोक्यावर टेकली.

"एकशे एकोणतीस."

चिमटीने वळून आकड्याकडे बघितलं. मग फळीच्या बुडाकडे बघितलं. मग आबांकडे, ते खिडकीची खिट्टी चाचपत होते. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू आलं की नर्सबाईलाही हसू आलं.

"एवढी आहे मी?"

"एवढी आहेस."

"लिही."

तिने लिहिलं. मग वजन. बावीस किलो. पेन कार्डावर टेकवून ती थांबली. पुस्तक उघडलं. एकशे एकोणतीसला बावीस म्हणजे रेघेच्या खाली. बरीच खाली. मग मावशींच्या नाती, त्याही खाली. मग बाकीचे. सातही पोरं रेघेच्या खाली.

तिने खिडकीतून बघितलं. बाहेर करपलेली झाडं, कोरडे हौद. असं वर्ष असलं की पोरांच्या अंगावर दिसतंच, असं पुस्तकात लिहिलं होतं. आणि त्या सातांत तिची एक होती.

ती सातही कार्डं घेऊन हेडमास्तरांकडे गेली. त्यांनी वाचली, चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही अजून नोकरीवर रुजू व्हायच्या आधीच सगळं गाव उपाशी ठरवलंत."

"आकडे आहेत, सर."

"आकडे आहेत खरे. सोमवारी डॉक्टरांपुढे ठेवा. ते परत मोजतील. खरं निघालं तर तुमचं नाव होईल. खोटं निघालं तर..." त्यांनी पुढचं चेंडूंवर सोडलं.

घरी येऊन तिने विषय हळूच काढला. निदान तिला वाटलं होतं, हळूच.

"आई, चिमटीचं वजन उंचीच्या मानाने कमी भरतंय. दुपारचं दूध घेते का ती?"

सासूबाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"म्हणजे मी तिला उपाशी ठेवली?"

"तसं नाही म्हणाले मी."

"तसंच म्हणालीस. सात वर्षं माझ्या पोटाशी वाढली ही. ताप आला तर मी जागले. दात पडले ते मी छपरावर टाकले. आणि तू पुस्तक उघडून सांगतेस, कमी भरतंय." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. त्यांनी पातेलं ठेवलं आणि हात पुसले. "आजपासून तू वाढ तिला."

त्या रात्रीच्या जेवणाला नर्सबाईने वाढलं. चिमटीचा पेला कुठला ते तिला माहीत नव्हतं. तिने घेतला तो आबांचा निघाला. मीठ कुठल्या डब्यात ते विचारावं लागलं, सांगितलं नवऱ्याने, तेही डुलकीतून. ताटात जास्त वाढलं तर चिमटी म्हणाली, "आजी एवढं नाही वाढत," आणि लगेच जीभ चावली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ताट घेतलंच नव्हतं.

रविवारी सकाळी चिमटीपुढे दोन पेले दूध आणि दोन अंडी आली. तिने एक पेला संपवला. दुसरा हातात धरून बसली.

"पी ना," नर्सबाई म्हणाली.

"आजी का जेवत नाही?"

"जेवेल."

"काल पण नाही जेवली. मी खंगलेय म्हणून?"

नर्सबाईने अंडं सोलून तिच्यापुढे ठेवलं. चिमटीने दुधात बोट बुडवलं, साय बाजूला केली, परत आणली. बराच वेळ तेच चाललं होतं.

"आई, शाळेत जाऊ या?"

"आज रविवार आहे."

"मावशींकडून किल्ली आणू. चल ना." आणि हाताला धरून ओढायला लागली. आजवर असं कधी ओढलं नव्हतं, म्हणून नर्सबाई उठली.

खोलीत गेल्यावर चिमटीने दार लोटलं. "तू उभी राहा."

"कुठे?"

"फळीला. तू उभीच नाही राहिलीस."

खरंच राहिली नव्हती. सगळ्यांना उभं केलं, स्वतःचं सुचलंच नाही. ती सपाता काढून उभी राहिली. चिमटीला पट्टी पुरेना, तिने स्टूल ओढलं, चढली आणि पट्टी आईच्या डोक्यावर टेकवली.

"आता बघ."

नर्सबाई वळली. एकशे पासष्ट. नर्सिंगला भरती होताना तिची उंची मोजली होती, एकशे पंचावन्न. कागदावर होती. पंचविशीनंतर माणूस दहा सेंटिमीटर वाढत नाही, हे कळायला नर्स असावं लागत नाही.

"दहा वजा," चिमटी स्टुलावरून म्हणाली.

"काय?"

"आबांच्या टेपचा पुढचा तुकडा तुटलाय. कधीचाच. तो दहापासून सुरू होतो. आकडा वाचला की दहा वजा करायचे. आजी करते, मी करते, बाबा करतात." मग जरा थांबून म्हणाली, "तुला माहीत नव्हतं?"

नर्सबाई स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली. घरातली सगळी माणसं, साडेआठ वर्षांच्या पोरीसकट, दहा वजा करत होती. तिला एकटीला माहीत नव्हतं. दोन रविवारांत एकदा येणाऱ्या माणसाला टेप कोण दाखवणार?

"तुला काल कळलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

चिमटी आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिली. "एकशे एकोणतीस म्हणजे मी रांगेत सहावी झाले असते. कुणी चिमटी म्हटलं नसतं." आणि मग, "पण आजी जेवत नाही."

नर्सबाईने पुस्तक काढलं. एकशे एकोणिसाला बावीस किलो. रेघेच्या वर, अगदी व्यवस्थित. मावशींच्या नातीही वर आल्या. सातांपैकी फक्त एक पोरगा खाली राहिला, आणि तो खराच वाळलेला होता, ते काल नुसतं बघूनही दिसायला हवं होतं. तिने सातही कार्डं फाडली आणि नवी करायला घेतली. सहा झाली. सातवं चिमटीने करू दिलं नाही. "माझं उद्या," ती म्हणाली. "परत मोजून."

घरी आल्यावर ती आधी चुलीपाशी गेली. सासूबाई पाठमोऱ्या होत्या.

"आई, पोर ठणठणीत आहे. चूक माझी. टेप दहापासून आहे हे मला माहीत नव्हतं."

सासूबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, "एवढी शिकलीस आणि टेपाचं टोक बघितलं नाहीस?"

"नाही बघितलं."

"तिचा पेला हिरव्या काठाचा. मीठ खालच्या फळीवर, डाव्या हाताला." आणि ताट घेतलं.

पडवीत आबांनी हातातलं काम थांबवलं नव्हतं, पण सगळं ऐकलं होतं. रंधा लाकडावर नुसता फिरत होता, भुसा पडत नव्हता.

"तू आकडे सांगत होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं, वजा करून सांगतेस. चाळीस वर्षं मी वाचतो तेव्हाच दहा आपोआप गळून जातात. तू वाचलेस, म्हणून राहिले." जरा थांबले. "मी नुसतं एकदा बघितलं असतं तरी कळलं असतं."

"मग बघितलं का नाही, आबा?"

वारा पडवीतून भुसा उडवत गेला. आबांनी डोळे चोळले.

"चुकीची कार्डं झाली तुझी माझ्यापायी," ते म्हणाले. तिने तक्त्याची गोष्ट काढली नाही.

थोड्या वेळाने ते उठले. सागाचा तुकडा संपला होता. कोपऱ्यातून फणसाचा पिवळा तुकडा काढला. डाव्या हाताची चार बोटं जुळवून लाकडावर ठेवली, त्याला अंगठ्याचं एक पेर जोडलं, आणि नखाने खूण केली. टेप काढलाच नाही. करवत लावली. पिवळा ठोकळा जमिनीवर पडला तो तिने उचलला आणि पुस्तकात ठेवलेल्या मोजपट्टीने मोजला.

"किती?" आबांनी विचारलं.

"दहा."

"वजा न करता?"

"वजा न करता."

सोमवारी सकाळी घंटेच्या आधी तिघं शाळेत गेले. आबांनी वरचे स्क्रू काढले, फळी उचलली आणि ठोकळा बुडाखाली सारला. आता फळी दहा सेंटिमीटर वर गेली आणि आकडे जागेवर आले. तपकिरी फळीखाली तो पिवळा ठोकळा वेगळाच दिसत होता. मावशी म्हणाल्या, "रंग देऊन टाका, नाहीतर डॉक्टर विचारतील."

"विचारू देत," नर्सबाई म्हणाली.

भिंतीवर फण्यांचा तक्ता लागला होता. बाहेर पोरं जमायला लागली होती, त्यांचा कलकलाट खिडकीतून आत येत होता. आबांनी हातातली धूळ झटकली. मग कुणी काही न म्हणता ते सहा पावलं मागे गेले, मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसले, गुडघे जवळजवळ छातीला लागले, आणि तळव्याने उजवा डोळा झाकला.

"विचार," ते म्हणाले. "तक्ता उलटा लाव हवा तर. मला पाठ झालाय."

तिने तक्ता उलटा लावला. काडी सगळ्यात मोठ्या फणीवर ठेवली.

"खाली."

काडी दुसऱ्या ओळीवर आली. आबा पुढे वाकले, मग परत मागे टेकले.

"इथपासून धूर आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत."

चिमटी दाराशी उभी होती. मावशींनी झाडू भिंतीला टेकवून ठेवला.

"धूर काढता येतो, आबा," नर्सबाई म्हणाली. "आमच्या वॉर्डाच्या शेजारीच मोतीबिंदू काढायचे. मी येईन बरोबर."

"मग रंधा धरता येईल?"

"रंधा तुम्ही आत्ताही धरता. आकडे वाचता येतील."

तिने नवं कोरं कार्ड घेतलं. नावाच्या जागी काय लिहावं म्हणून क्षणभर थांबली आणि लिहिलं, आबा. इयत्तेच्या जागी काही लिहिलं नाही. शाळेची नर्स म्हणून रुजू झाल्यावर भरलेलं ते पहिलं कार्ड.

तेवढ्यात चिमटी पुढे आली. चपला काढल्या, ठोकळ्याला टाचा लावल्या आणि ताठ उभी राहिली.

"माझं राहिलंय. काल म्हटलं होतं ना."

आईने पट्टी खाली आणली. "मान ताणू नकोस."

"नाही ताणत."

"टाचा."

"टेकल्यात. तूच बघ."

आई वाकून आकडा बघत होती. मावशींनी बाहेर जाऊन पहिली घंटा दिली आणि कुणाची तरी गाडी फाटकापाशी येऊन थांबली.

"एकशे एकोणीस," आई म्हणाली.

"नीट बघ. पुढे काही नाही?"

आईने परत बघितलं. बारीक खुणांवर नख ठेवलं, जसं गुरुवारी ठेवलं होतं तसं. "आणि अर्धा."

"मग अर्धा पण लिही," चिमटी म्हणाली. आवाज चांगलाच चढला होता. "काल दहा सोडले मी. अर्धा सोडणार नाही."

आईशी ती पहिल्यांदाच भांडत होती. आईने अर्धा लिहिला.